कापायचं किती, राखायचं किती

आमच्या एस.टी. स्टँडपासून कृष्णेच्या पुलापर्यंत जेवढ्या म्हणून कोऱ्या भिंती आहेत, त्यातल्या निम्म्यांवर एकच मजकूर रंगवलेला आहे. मूळव्याध, फिशर, भगंदर. विना ऑपरेशन, विना वेदना, खात्रीशीर इलाज. मागच्या काही वर्षांत त्यात लाल रंगात ‘लेझर’ची भर पडली. हे तीन आजार एका दमात म्हटले जातात ते केवळ तिघांचा पत्ता एक म्हणून. मूळव्याधीत रक्तवाहिन्यांच्या गाद्या सुजून खाली उतरतात, फिशरमध्ये कातडीला चीर पडते आणि भगंदरात गुदमार्गातून बाहेरच्या कातडीपर्यंत एक नळी तयार होते, जिच्यातून पू, पाणी, कधी रक्त झिरपत राहतं. पहिले दोन बरेचदा खाण्यापिण्यावर, मलमावर, शेकावर आटोक्यात येतात. भगंदर येत नाही. मोठ्या माणसात ते आपणहून बरं होणं इतकं विरळा की त्यावर विसंबू नये. त्याला कुठल्या ना कुठल्या रूपात शस्त्र लागतंच. आणि शस्त्र म्हटलं की भिंतीवर कधीच न रंगवलेला प्रश्न समोर येतो : त्या नळीने वाटेत गुदद्वार आवळून धरणारा स्नायू किती ओलांडलाय?

अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, असं आपल्याकडे म्हणतात. माझी मुलगी अजून शिकते आहे, तेव्हा जावयाचा प्रश्न नव्हता. पण बँकेच्या काउंटरवर दिवसभर बसणाऱ्या बाईला संकोचासाठी जावई लागत नाही. शेजारच्या खुर्चीवरचा सहकारी पुरतो. आपण सारखी कूस का बदलतो, हे त्याला काय सांगायचं? सुरुवात गळवाने झाली. उष्णता झाली असेल, सब्जा पी, असं घरात ठरलं. गळू फुटलं, हायसं वाटलं, आणि काही महिन्यांनी त्याच जागी पुन्हा टपोरलं. अशा गळवानंतर साधारण तिघांतल्या एकाला मागाहून भगंदर होतं. मी त्या तिसऱ्यात होते.

हे होतं कसं, ते मला आमच्या सर्जननी प्रिस्क्रिप्शनच्या पाठकोऱ्या कागदावर काढून दाखवलं. गुदमार्गाच्या आत एक दातेरी रेघ असते. तिच्या काठाने बारीक खळगे असतात आणि त्या खळग्यांत छोट्या ग्रंथींची तोंडं उघडतात. गुदमार्गाभोवती स्नायूंचे दोन वेढे असतात, आतला आणि बाहेरचा. यातल्या काही ग्रंथी आतला स्नायू भेदून, या दोन स्नायूंमधल्या फटीत जाऊन बसलेल्या असतात. एखादीचं तोंड तुंबलं की त्या फटीत पू साठतो आणि वाट शोधू लागतो. लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलातले सर्जन ॲलन पार्क्स यांनी १९७६ मध्ये या वाटांची चार गटांत वाटणी केली. फटीतूनच सरळ खाली उतरणारी, बाहेरचा स्नायू भेदून जाणारी, स्नायूच्या वरून वळसा घालून येणारी, आणि सगळ्याच स्नायूंच्या बाहेरून जाणारी. आजही एमआरआयचा रिपोर्ट आला की सर्जन आधी हेच शोधतात, यातली कुठली.

शेताच्या बांधात उंदराचं बीळ असावं तसं हे प्रकरण असतं. बाहेरचं तोंड लिंपून काही उपयोग नाही, आतलं मोकळं आहे तोवर बीळ चालूच. म्हणून वरून लावायची मलमं, लेप, पट्ट्या यांनी भगंदर ‘सुकलं’ असं वाटतं ते चार दिवसांचं. पू आत कोंडला की ठणका सुरू होतो आणि मग तो जुनं तोंड उघडतो किंवा शेजारी नवं पाडतो. सुश्रुताने भगंदराचे जे पाच प्रकार सांगितले, त्यात शतपोनक म्हणजे चाळणीसारख्या अनेक तोंडांचं. उंटाच्या मानेसारखं उष्ट्रग्रीव, सतत वाहणारं परिस्रावी, शंखाच्या वेढ्यांसारखं शंबूकावर्त आणि आगंतुक कारणाने होणारं उन्मार्गी हे बाकीचे. आठ महागदांत, म्हणजे बरे व्हायला अतिशय कठीण अशा आठ आजारांत, त्याने भगंदर घातलं होतं. एमआरआय नसताना, केवळ बोटाने, सळईने आणि डोळ्याने पाहून केलेलं हे वर्गीकरण वाचताना मला त्याच्या रुग्णांची दया येते आणि त्याच्या नजरेचं कौतुक वाटतं, दोन्ही एकदम.

मग कापून मोकळं का करत नाहीत? कापतात की! हजारो वर्षं तेच करत आले. नळीत सळई घालायची आणि सळईवरची सगळी जाडी उघडी करायची, म्हणजे बोगद्याची चर होते आणि ती तळापासून भरून येते. फ्रान्सचा राजा चौदावा लुई १६८६ मध्ये याच दुखण्याने बेजार झाला, घोड्यावर बसणं मुश्कील झालं. शेक, लेप, पोटिसं सगळं करून झालं. शेवटी शार्ल-फ्रान्स्वा फेलिक्स या शस्त्रवैद्याने त्या वर्षी १८ नोव्हेंबरला व्हर्सायच्या महालात त्याचं भगंदर कापून उघडलं, भूल न देता. त्याआधी फेलिक्सने काही महिने पॅरिसच्या इस्पितळांतल्या गोरगरिबांवर हात साफ करून घेतला होता आणि खास वाकडी सुरीही घडवून घेतली होती. राजा बरा झाला. दरबारात मग हे दुखणं असणं इतकं प्रतिष्ठेचं झालं म्हणे की ज्यांना काही झालेलं नव्हतं तेही आपल्याला कापा म्हणून मागे लागले. ज्या गोरगरिबांवर सराव झाला, त्यांच्यातले किती बरे झाले, याची चौकशी दरबाराने केलेली दिसत नाही.

नळी उथळ असेल, स्नायूचा थोडाच भाग तिच्या खाली येत असेल, तर ही उघडण्याची शस्त्रक्रिया आजही सगळ्यांत खात्रीची. शंभरातले नव्वदहून जास्त लोक बरे होतात. अडचण नळी खोल असली की येते, कारण तेव्हा कापलं जातं ते नुसतं मांस नसतं.

या स्नायूंबद्दल आपण कधी कौतुकाने बोलत नाही. डोळ्यांवर कविता होतात, हृदयावर तर विचारूच नका. पण माणसाला चारचौघांत उठबस करू देणारा अवयव हा आहे. आतला वेढा आपल्या हुकमाबाहेरचा. आपण झोपलेले असताना, बसमध्ये डुलक्या घेताना, तोच दार धरून असतो, आणि विश्रांतीच्या वेळचा निम्म्याहून बराच जास्त दाब त्याचा असतो. बाहेरचा वेढा आपल्या हुकमातला. शिंक आली, खोकला आला, मीटिंग लांबली की तो आवळला जातो. शिवाय त्या दातेरी रेघेच्या आसपासची त्वचा इतकी जाणती की आलं आहे ते वारा आहे, पातळ आहे की घट्ट, हे ती क्षणात ओळखते. आयुर्वेदाने इथे तीन वळ्या मानल्या : प्रवाहिणी, विसर्जनी आणि संवरणी. एक ढकलणारी, एक सोडणारी, एक मिटणारी. यातली मिटणारी बिघडली की माणूस लग्नाला जात नाही, प्रवासाला निघत नाही, देवळात बसत नाही. भगंदराचा पू रुमालाच्या घडीत झाकता येतो. हे झाकता येत नाही.

माझा एमआरआय पुण्याला झाला. नळी पुढच्या बाजूची, बाहेरचा स्नायू भेदून गेलेली. सर्जननी फिल्म दिव्यावर लावली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘मॅडम, उघडून टाकलं तर भगंदर जाईल, त्यात शंका नाही. पण बायकांमध्ये पुढच्या बाजूला हा बाहेरचा स्नायू मुळातच आखूड असतो. तुमची दोन्ही बाळंतपणं नॉर्मल. त्यात काय ताणलं गेलंय, काय फाटून जुळलंय, कुणी पाहिलंय? हा मी कापणार नाही.’ आजाराची भीती वाटण्याऐवजी मला त्या ‘कापणार नाही’चा धीरच आला. नंतर त्यांनी सोनोग्राफी करून स्नायू पाहून घेतला. तो बऱ्यापैकी होता, पण उधळायला जास्तीचा नव्हता.

त्या दिवसापासून मी वाचायला बसले. बँकेत कर्जाचे अर्ज तपासायची सवय असल्याने आकड्यांकडे संशयाने पाहण्याची खोड आहे, ती इथे उपयोगी पडली. स्नायू राखणाऱ्या शस्त्रक्रिया डझनभर आहेत, आणि कुठल्याही शास्त्रात एका कामाला डझनभर पद्धती असल्या की समजावं, पैकीच्या पैकी गुण एकीलाही नाहीत.

त्यातल्या प्लगचंच, म्हणजे बुचाचंच बघा. डुकराच्या लहान आतड्याच्या अस्तरापासून केलेली एक निमुळती गुंडाळी नळीत ओढून बसवायची, आतल्या तोंडाशी टाके घालायचे, मग शरीर तिच्या आधाराने मांस भरून घेईल अशी कल्पना. २००६ मध्ये अमेरिकेतून आलेल्या पहिल्या छोट्या अभ्यासात १५ जणांपैकी १३ जणांचं भगंदर बंद झालं होतं. ८७ टक्के. तेव्हा हे वाचलं असतं तर मीही प्लगच घ्या म्हटलं असतं. मग ब्रिटनमध्ये ३०४ रुग्णांची मोठी चाचणी झाली. निम्म्यांना प्लग, निम्म्यांना सर्जन एरवी जे करतो ते. वर्षभराने पाहिलं तर प्लगवाल्यांत ५४ टक्के बरे आणि इतरांत ५५. प्लगला खर्च जास्त. नळीत भरायच्या फायब्रिनच्या डिंकाची गोष्ट याहून उदास आहे, ती इथे सांगत बसत नाही.

क्रोन्स या आतड्याच्या आजारात होणारी भगंदरं तर वेगळ्याच जातीची आणि फार चिवट. त्यांच्यासाठी चरबीतून काढलेल्या मूळपेशींचं एक इंजेक्शन निघालं, युरोपात २०१८ मध्ये त्याला परवानगी मिळाली. पुढच्या मोठ्या चाचणीत ते खारट पाण्याच्या इंजेक्शनाहून सरस ठरलं नाही आणि २०२४ च्या अखेरीस ते तिथल्या बाजारातून मागे घेतलं गेलं. नवी पद्धत, थोडे रुग्ण, उत्साही सर्जन आणि नव्वदीच्या घरातला आकडा. मग जास्त रुग्ण, जास्त काळ, आणि साठी-सत्तरी. भगंदराच्या शास्त्रात ही चाल इतक्यांदा दिसते की पहिला आकडा वाचला की मी हल्ली मनातल्या मनात त्यातून तिसरा हिस्सा वजा करते.

लेझरलाही ही वजाबाकी लागू आहे. जर्मनीत २०११ मध्ये अर्ने विल्हेल्म यांनी ती पद्धत मांडली. बारीक तार नळीत घालायची, तिच्या टोकातून चहूबाजूंनी उष्णता सुटते, तार हळूहळू मागे ओढत आणायची, नळी आतून भाजून आक्रसते. स्नायू कापला जात नाही हे खरं, दुखणं कमी हेही खरं. यश अनेक अभ्यास एकत्र धरले तर तीनांतल्या दोघांना. वाईट नाही. पण तार आंधळी असते. नळीला बाजूचा फाटा असेल तर तो तिला दिसत नाही. इटलीच्या पिएरकार्लो मेइनेरो यांनी नेमकी इथेच दुर्बीण आणली. नळीतून कॅमेरा, पाण्याची धार, फाटे डोळ्यांनी पाहून जाळायचे, मग आतलं तोंड बंद. कल्पना मला फार आवडली, खर्च ऐकून आवड आवरली. लेझरवर माझा राग नाही. राग आहे तो ‘लेझर म्हणजे ऑपरेशन नव्हे’ असं सांगणाऱ्यांवर. भूल देतात, टेबलावर झोपवतात, नळी खरवडतात, आणि ऑपरेशन नव्हे?

फ्लॅप म्हणजे आतल्या तोंडावर आतड्याच्या अस्तराची एक झडप खाली ओढून शिवायची. शंभर वर्षांहून जुनी ही युक्ती. बऱ्या होणाऱ्यांचं प्रमाण पाऊणशेच्या आसपास, हात कुणाचा त्यावर बरंच अवलंबून. झडपेत आतल्या स्नायूचे धागे थोडे येतात, त्यामुळे काहींना वारा आवरायला त्रास होतो. टाके सुटले तर मात्र तिथे आधीपेक्षा मोठी जखम आणि वण उरतो, पुढच्या सर्जनला काम अवघड करून ठेवतो. या एका कारणाने मी फ्लॅप मागे ठेवला.

आणि लिफ्ट, म्हणजे फटीतली नळी बांधून तोडणं. बँकॉकच्या चुलालोंगकोर्न विद्यापीठातले सर्जन अरुण रोजनासकुल यांनी २००७ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यांनी केलं काय, तर दोन्ही स्नायूंच्या मधली ती फट बाहेरून उघडली. आजार जिथे जन्मला तिथेच. फटीतून जाणारी नळी दोरीसारखी हाताला लागते. तिला आतल्या बाजूला विरघळणाऱ्या टाक्याने बांधायचं, बाहेरच्या बाजूला बांधायचं, मधून तोडायची. बाहेरचा उरलेला भाग खरवडून निचऱ्याला मोकळा ठेवायचा. एकही स्नायू कापायचा नाही, कारण फटीत कापण्यासारखा स्नायूच नसतो. यंत्र नाही, तार नाही, परदेशी गुंडाळी नाही. एक चांगला दिवा, बारीक चिमटे, आणि धीर. जिल्ह्याच्या गावातही होऊ शकणारी ही शस्त्रक्रिया आहे. रोजनासकुल यांच्या पहिल्या १८ रुग्णांपैकी १७ बरे झाले होते. वजाबाकी इथेही करावीच लागते : पुढे जगभरच्या आकड्यांत ते साठ ते पंचाहत्तर टक्क्यांच्या दरम्यान येऊन बसलं. पण वारा किंवा शौच आवरण्याचा नव्याने त्रास होणारे फारच थोडे.

याच फटीबद्दल आपल्याकडच्या पंचकुल्याचे सर्जन पंकज गर्ग यांचं म्हणणं नेमकं उलट आहे. फटीत साठलेला पू हे मूळ असेल तर ती बांधून बंद काय करता? ती आतल्या बाजूने, गुदमार्गात, उघडून द्या आणि भरून येऊ द्या. २०१७ मध्ये त्यांनी मांडलेल्या या पद्धतीत बाहेरच्या स्नायूला हात लावत नाहीत, आतल्या स्नायूचा मात्र त्या जागेपुरता भाग उघडला जातो. खोल, गुंतागुंतीच्या, घोड्याच्या नालेच्या आकाराच्या भगंदरांत तिचे निकाल उत्तम आहेत. लिफ्ट म्हणते दार बंद करा, ही म्हणते खिडकी उघडा, आणि दोघींना आपापल्या जागी यश येतं. मला तो वाद वाचताना मजा आली. आपल्याच शरीराबद्दल असल्याने झोप मात्र लागली नाही.

या सगळ्यात मावशीचा फोन. मावशीने तिच्या तरुणपणी क्षारसूत्र करून घेतलं होतं आणि तेव्हापासून ती त्याची राजदूत आहे. ‘अगं, कशाला त्या चिरफाडीच्या नादी लागतेस? दोरा घाल आणि मोकळी हो.’ मावशीचं म्हणणं उडवून लावण्यासारखं मुळीच नाही. जाड लिननच्या दोऱ्याला एकूण २१ लेप देतात. आधी ११ नुसत्या स्नुहीच्या, म्हणजे निवडुंगाच्या जातीच्या झाडाच्या चिकाचे, मग ७ चीक आणि आघाड्याच्या क्षाराचे, शेवटचे ३ चीक आणि हळदीचे. प्रत्येक लेप वाळल्यावर पुढचा. हरतालिकेच्या पत्रीत आपण जो आघाडा शोधत फिरतो तोच हा. दोरा नळीतून ओवून बांधतात, दर आठवड्याला त्याच्याच शेपटीला नवा बांधून बदलतात. दोरा रोज थोडं कापतो आणि मागून भरत येतं. जुन्या ग्रंथांतली ही पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बनारस हिंदू विद्यापीठात पुन्हा उभी राहिली, आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने तिची अनेक केंद्रांवर रीतसर चाचणी घेतली. १९९१ मध्ये निकाल छापून आला. क्षारसूत्राने बरं व्हायला सरासरी आठ आठवडे, शस्त्रक्रियेने चार. पण वर्षभरात आजार उलटला तो क्षारसूत्रवाल्यांत ४ टक्के आणि शस्त्रक्रियावाल्यांत ११ टक्के. आयुर्वेदाच्या उपचारांत इतका चोख पुरावा असलेले थोडेच.

तरी मी दोरा घातला नाही. ती चाचणी जुन्या उघडण्याच्या शस्त्रक्रियेशी होती, लिफ्टशी नव्हे, कारण लिफ्ट तेव्हा नव्हतीच. आणि दोरा स्नायू वाचवत नाही, सावकाश कापतो. सावकाश कापल्यामुळे दोन्ही टोकं एकदम लांब उडत नाहीत, मधे वण धरतो, हा त्याचा मोठा गुण. मावशीची नळी मागच्या बाजूची होती, बाळंतपणं सिझेरियनची. माझ्या पुढच्या, आखूड स्नायूला सावकाश कापलेलंही परवडणारं नव्हतं. हे मी मावशीला फोनवर समजावलं. ती म्हणाली, ‘बरं बाई, तुझी जागा, तुझा दोरा.’ आणि मग तिच्या वैद्यांकडे दर आठवड्याला दोरा बदलायला जाताना लाकडी बाकावर सगळे बायाबापडे कसे उभेच असायचे, बसायला कुणी तयारच नसायचं, ते सांगून तिने मला इतकं हसवलं की ते हसणंही दुखलं.

सगळं वाचून झाल्यावर एका रविवारी मी कागदावर रकाने पाडले आणि नेहमीच्या ‘यश किती टक्के’ऐवजी ‘फसलं तर काय उरतं’ असा रकाना पहिला घेतला. कर्ज देतानाही आम्ही हेच पाहतो, हप्ते येतील की नाही ते नंतर, बुडालं तर हातात काय राहील ते आधी. या रकान्याने सगळा क्रम पालटला. खोल भगंदर कापून उघडलं आणि स्नायू गेला, तर भगंदर नाही पण ताबाही नाही, आणि गेलेला ताबा परत आणायच्या शस्त्रक्रियांची हमी कुणी देत नाही. प्लग फसला तर तो गळून पडतो आणि माणूस पूर्वीच्याच जागी असतो, खिसा हलका करून. लेझर फसलं तर पुन्हा करता येतं. लिफ्ट फसते तेव्हा तिच्या फसण्याचीही एक चांगली रीत आहे : पुष्कळदा बाहेरचा स्नायू ओलांडणारा भाग बंद होतो आणि आतल्या तोंडापासून फटीतल्या जखमेपर्यंतची आखूड, उथळ नळी तेवढी उरते. म्हणजे अवघड भगंदर फसून सोपं होतं. सोपं झालं की ते कापून उघडता येतं, थोडक्यात. पहिल्या खेपेचं साठ-सत्तर टक्के यश हा आकडा म्हणून खरा आहे, पण त्यात ही दुसरी खेप धरलेली नसते. आणि कुठल्याही जाहिरातीत ती सांगत नाहीत, कारण ‘पहिल्यांदा फसलं तरी’ या शब्दांनी सुरू होणारी जाहिरात कोण काढेल?

सर्जनना मी तो कागद दाखवला. त्यांनी चष्मा वर करून वाचला आणि एवढंच विचारलं, ‘तुम्ही लोन डिपार्टमेंटला होता का?’

आधी नळीत सैल धागा घातला गेला, सेटन म्हणतात तो. हा कापायचा नसतो, नुसता निचऱ्याचा. पू कोंडत नाही, आतली सूज उतरते, नळीला दोरीसारखा घट्टपणा येतो म्हणजे बांधायला सापडते. लिफ्टच्या आधी सेटनची गरज असतेच का यावर सर्जनांत एकमत नाही असं मीच त्यांना ऐकवलं, तेव्हा ते म्हणाले, पू असताना टाका धरत नाही यावर तरी आहे ना? धाग्याचे आठवडे विचित्र गेले. दुखत नव्हतं, पण सतत काहीतरी आहे ही जाणीव. सॅनिटरी पॅड लावून बँकेत जायचे. या आजारात निदान एक गोष्ट बायकांना पुरुषांपेक्षा सोपी जाते, पॅड कुठे मिळतं आणि कसं लावतात हे विचारावं लागत नाही.

मग लिफ्ट झाली. काढलेला तुकडा तपासायला पाठवला होता, तो आपल्याकडे पाठवायलाच हवा. टीबीचं भगंदर आपल्या देशात काही दुर्मीळ नाही, आणि तसं असेल तर नुसत्या सुरीने ते हटत नाही. माझं तसं नव्हतं. घरी टब, कोमट पाणी, रात्री इसबगोल, ताकभात. बाहेरचं तोंड छान मिटलं. पण फटीवरची जखम एका टोकाला ओली राहिली ती राहिलीच. मला कळलं होतं काय झालंय ते. पुन्हा एमआरआय झाला तेव्हा सर्जन जवळजवळ खुशीत म्हणाले, ‘बघा, तुमचा पहिला रकाना.’ बाहेरच्या स्नायूतली नळी दिसत नव्हती. उरली होती ती बोटाच्या पेराएवढी, उथळ. दुसऱ्या छोट्या शस्त्रक्रियेत ती उघडली, आतल्या स्नायूचा खालचा किंचित भाग गेला. जखम भरली. आता क्वचित पोट बिघडलं तर वारा आवरायला लक्ष द्यावं लागतं एवढंच, आणि तेही या आजारामुळे की वयामुळे, सांगता येणार नाही. काउंटरवर दिवसभर बसते.

ही बातमी कशी पसरते कोण जाणे, पण माझ्याकडे आता लोक येतात. कँटीनमध्ये बाजूला बोलावतात, आवाज खाली जातो. गेल्या महिन्यात आमच्याच शाखेतला एक तरुण क्लार्क आला. त्याला एका दवाखान्यात लेझरचं पॅकेज सांगितलं होतं, कागदावर ‘स्नायू वाचवणारी आधुनिक शस्त्रक्रिया’ असं छापलेलं. मी म्हटलं, एमआरआय आण. आणला. रिपोर्टमध्ये नळी फटीतूनच खाली उतरलेली, उथळ, एक फाटा नाही, बाहेरच्या स्नायूचा संबंधच नाही.

मी काही डॉक्टर नाही, म्हणून त्याला माझ्या सर्जनकडे पाठवलं. ते तेच म्हणाले जे मला वाटलं होतं : याला वाचवायचं असं फारसं काही धोक्यातच नाही. साधं उघडून टाकू, नव्वद टक्क्यांहून जास्त बरे होतात, खर्च त्या पॅकेजच्या निम्म्याहून कमी.

तो परत आला तो पडलेल्या चेहऱ्याने. ‘ताई, तुम्ही तर एवढं लिफ्ट-बिफ्ट, स्नायू राखून केलंत. आणि मला सरळ कापायला सांगतायत.’

‘तुझं आहे कापण्यासारखं. माझं नव्हतं.’

तो जरा वेळ गप्प बसला, म्हणजे उभाच राहिला. मग म्हणाला, ‘ते ठीक आहे हो. पण त्या लेझरवाल्यांकडे मी ॲडव्हान्स भरून आलोय. तो परत मागायला तुम्ही येता का बरोबर?’